खेळताना दुसऱ्याच्या चुकीने दुखापत झाली, तर पुढच्या कमाईची भरपाई कशी ठरते? अपंगत्व वीस टक्के म्हणजे भरपाईही वीसच टक्के का?

नाही. वीस टक्क्यांचं हे गणित समोरच्या वकिलाने माझ्या धाकट्या भावालाही ऐकवलं होतं, म्हणून लिहितोय.

भाऊ बास्केटबॉल खेळायचा. छत गळून कोर्ट ओलं झालं होतं, मुलांनी तक्रारही केली होती, तरी आयोजकांनी सामना रेटला. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. वकील म्हणाला, पाय थोडासाच अधू झालाय, टेबलावरची नोकरीही मिळालीय, मग नुकसान कसलं? अहो, कारकुनाचा गुडघा आणि खेळाडूचा गुडघा एकाच मापाने कसा मोजणार? वर आमचे काका त्याच्याच सुरात: "खेळून कुणाचं पोट भरलंय?"

काकांना बेन कॉलेट माहीत नव्हता. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा अठरा वर्षांचा पोरगा. मे २००३ मध्ये राखीव संघाच्या सामन्यात मिडल्सबरोच्या खेळाडूच्या टॅकलने त्याचा पाय मोडला. युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन स्वतः साक्षीला उभे राहिले, आणि २००८ मध्ये कोर्टाने सुमारे ४३ लाख पौंड दिले. करिअर फसण्याच्या शक्यतेपोटी १५ टक्के कापले, तरीही एवढे!

हिशेब असा: दुखापत नसती तर मिळाली असती ती कमाई, वजा आता मिळू शकते ती. खेळाडूची वर्षं कमी धरतात, निवृत्तीनंतरचं प्रशिक्षकपद वगैरे वेगळं. रक्कम आजच एकरकमी हातात येते, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा, सहसा प्रत्यक्ष वर्षांपेक्षा लहान असतो. निवड पक्की नसेल तर बऱ्याचदा संधी किती होती त्या प्रमाणात रक्कम ठरते. त्यामुळे निवड समितीची पत्रं, करार, मानधनाच्या पावत्या, बरोबरीचे खेळाडू आज किती कमावतात, हे सगळं जमवा. प्रशिक्षकाची साक्ष डॉक्टरांच्या दाखल्याइतकीच महत्त्वाची.

हे सगळं समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच. खेळाच्या ओघात नेहमीसारखी धडक बसली असेल तर बहुधा काही मिळत नाही. दाव्याला मुदत असते, आणि जमेल ते काम न करता बसून राहिलात तर तेवढी रक्कम वजा होते. नियम देशागणिक बदलतात, तुमच्या वकिलाला विचारा.

तडजोडीच्या बैठकीला मात्र घरातलं "जाऊ दे, मिटवून टाका" म्हणणारं माणूस नेऊ नका. आमचे काका आले होते. समोरच्यांनी पहिला आकडा उच्चारला आणि भावाने तोंड उघडायच्या आत हेच "चालेल" म्हणून मोकळे झाले.