'घरात कोणी अपंग आहे का?' म्हटलं की सगळे 'नाही'च म्हणतात

गेल्या अंकात गावपातळीवर दिव्यांगांची मोजणी कशी होते आणि पुनर्वसनाचं काम पुढे जातंय की नाही ते कशावरून ओळखायचं यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली पाच घेतेय. मी मूळची फिजिओथेरपिस्ट, पुढे सार्वजनिक आरोग्य शिकले आणि आता बरीच वर्षं हेच मोजायचं काम करते, त्यामुळे उत्तरं लांबली तर समजून घ्या.

मी आशा सेविका आहे, पाटण तालुक्यातल्या वाड्यांवर काम करते. माझ्याकडे साधारण हजार लोकसंख्या आहे. सर्व्हेत 'घरात कोणी अपंग आहे का' असं विचारलं तर ९ जण निघाले. पण मला रोज दिसतं की लकवा झालेले, नीट न दिसणारे, घराबाहेर न पडणारे कितीतरी जास्त आहेत. वरून सांगतात की आकडा ठीक आहे. खरं काय धरायचं?

ताई, तुमचे डोळे खरं सांगतायत, चूक प्रश्नाची आहे. अपंग हा शब्द आला की माणसाच्या डोळ्यासमोर कुबडी घेतलेला पोलिओचा मुलगा नाहीतर पूर्ण आंधळा माणूस येतो आणि आपल्या घरात तसं कोणी नाही म्हणून तो नाही म्हणतो, यात खोटं बोलायचा हेतू नसतो. शिवाय मुलीचं लग्न व्हायचं असेल तर घरात कोणाला फिट येते किंवा कोण वेडसर आहे हे दारात उभ्या असलेल्या बाईला कोण सांगणार?

एका घरातलं सांगते. आम्ही विचारलं, सून म्हणाली, "छे, आमच्यात कोणी नाही." आणि तिच्या मागेच पडवीत आजी बसलेल्या, भिंतीला हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटलेला, पार माजघरापासून मोरीपर्यंत. रोज भिंत धरून धरून चालल्यामुळे तेलकट हाताचा उमटलेला तो पट्टा. मग आम्ही दुसऱ्या पद्धतीने विचारलं, की आजींना चालायला किंवा पायरी चढायला अडचण होते का, आणि होत असेल तर थोडी, खूप, की अजिबातच जमत नाही? सून लगेच म्हणाली, "अहो खूप, दोन वर्षं झाली उंबरा ओलांडून खाली नाही उतरल्या, पण ते वयाने हो." दोन वर्षं घराबाहेर न पडलेली बाई आमच्या पहिल्या कागदावर शून्य होती.

ही दुसरी पद्धत काही माझ्या मनाची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये वॉशिंग्टन ग्रुप नावाचा गट तयार झाला, त्यांचे हे सहा प्रश्न आहेत. चष्मा लावूनसुद्धा दिसायला अडचण होते का, कानाचं मशीन लावूनसुद्धा ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष लागायला, आंघोळ-कपडे वगैरे स्वतःचं स्वतः करायला, आणि आपल्या रोजच्या भाषेत बोलताना समजायला किंवा समजवायला. प्रत्येकाला चारच उत्तरं, अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. सहापैकी एकाला जरी 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं तर तो माणूस मोजायचा. पूर्ण प्रश्नावलीत अपंग, दिव्यांग हे शब्द एकदाही उच्चारायचे नाहीत, सगळी गंमत त्यातच आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न चालत नाहीत, मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेली वेगळी प्रश्नावली आहे, आणि नैराश्यासारखे मानसिक आजार या सहांतून बरेचसे निसटतात.

आता वरच्यांच्या 'ठीक आहे'बद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के, महाराष्ट्रात २.६ टक्के आणि २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पुन्हा २.२ टक्के. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात १६ टक्के, म्हणजे सहात एक. इतका फरक आपली माणसं जास्त धडधाकट आहेत म्हणून नाही पडत, कोणाला धरायचं आणि काय विचारायचं यावरून पडतो. तुम्ही ९ चा आकडा खोडू नका, तो तसाच ठेवा आणि शेजारी सहा प्रश्नांचा आकडा लिहा, दोन्ही एकत्र वर पाठवा.

मी पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकतो. २००१ ला दिव्यांग २.१३ टक्के होते आणि २०११ ला २.२१. म्हणजे दहा वर्षांत परिस्थिती थोडी बिघडली असा निष्कर्ष प्रोजेक्टमध्ये लिहू का?

नको रे बाबा, तो लिहू नकोस. एकूण आकडा सोड आणि आतले प्रकार उघडून बघ. २००१ ला दृष्टीचे दिव्यांग १ कोटी ६ लाख होते, एकूणातले जवळजवळ निम्मे. २०११ ला ते ५० लाखांवर आले. आणि ऐकण्याचे? २००१ ला साडेबारा लाख, २०११ ला ५० लाखांच्या वर. आता दहा वर्षांत निम्म्या लोकांची दृष्टी परत आली आणि चौपट लोकांचे कान गेले असं कुठल्या देशात होतं का? मधल्या काळात व्याख्या बदलल्या, मोजणाऱ्यांना दिलेल्या सूचना बदलल्या, आधी पाच प्रकार होते ते आठ झाले, त्यात 'इतर' म्हणून एक नवीन रकाना आला आणि त्यातच ४९ लाख माणसं जाऊन बसली. एकूण टक्का जवळपास तेवढाच राहिला म्हणून वाटतं की काही बदललं नाही, पण खालची जमीन पूर्ण हललेली आहे. पुढच्या जनगणनेची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, तिचे आकडे आले की आधी प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवून वाच, मग आलेख काढ.

दुसरं, आकडा वाढला म्हणजे बिघडलं हे गृहीतकच तपासून घे. मणक्याला मार लागून कमरेखालचं गेलेला माणूस पूर्वी बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, आणि लघवीच्या इन्फेक्शनने काही वर्षांत जायचा, आता लघवीची नळी स्वतः घालायला शिकवली, कूस बदलायला शिकवलं, गादी नीट दिली की तोच माणूस कित्येक वर्षं जगतो आणि प्रत्येक पाहणीत मोजला जातो. म्हणजे पुनर्वसन चांगलं झालं म्हणून आकडा वाढला. उलट पोलिओचं बघ, देशातली शेवटची केस जानेवारी २०११ मधली, २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे लहान वयात पोलिओने पाय गेलेली नवीन मुलं आता येत नाहीत, पण तेव्हाची मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांची हाडं-सांधे आता नव्याने त्रास देतायत. नवीन किती झाले आणि एकूण किती आहेत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तुझ्या प्रोजेक्टमध्ये दोन वेगळे रकाने कर.

आमचा रत्नागिरी जिल्हा. आमच्या भागात दिव्यांग जास्त, मुंबईच्या बाजूला कमी असं नेहमी ऐकतो. आमच्या पाण्यात काही दोष आहे का?

पाण्याकडे जायच्या आधी वय बघूया. तुमच्याकडची तरुण माणसं मुंबईला, २०११ ला रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, यावरूनच कळतं की कोण गावात उरलंय. हिशोबापुरती दोन गावं धरा, दोन्ही हजार वस्तीची, आणि दोन्हीकडे साठीच्या आतल्यांत २ टक्के आणि साठीच्या पुढच्यांत २० टक्के लोकांना अडचण आहे, म्हणजे तब्येत अगदी सारखी. पहिल्या गावात म्हातारे १००, तर आकडा येतो १८ अधिक २०, म्हणजे ३८. दुसऱ्या गावात म्हातारे २५०, तर १५ अधिक ५०, म्हणजे ६५. एकीकडे ३.८ टक्के, दुसरीकडे ६.५, आणि फरक फक्त वयाचा. म्हणून तुलना नेहमी वयोगटवार करायची. ती करूनही फरक उरला तर मग जरूर पाणी, काम, अपघात सगळं तपासायचं. पण एक आहे, तुलना काहीही सांगो, फिजिओ आणि चष्मा-मशीनची गरज दुसऱ्या गावात खरोखरच जास्त आहे, त्यामुळे माणसं आणि पैसा द्यायचा असेल तेव्हा ६५ हाच आकडा धरायचा.

मी सरपंच आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो आम्ही करतो. तीन वर्षांत व्हीलचेअर, वॉकर, कानाची मशीनं वाटली. काम चांगलं झालं का, ते कसं मोजायचं?

दादा, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचंच मला खूप बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी वाटप झालं, फोटो निघाला की फाइल बंद होते. किती वाटल्या हा खर्चाचा आकडा झाला. तुम्ही एक करा, दोन माणसं घेऊन वाटलेल्या प्रत्येक घरी जा आणि वस्तू दाखवा म्हणा.

मी अशी एक फेरी केली होती. एका घरात वॉकर माळ्यावर, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, कारण उंची कमी-जास्त कशी करायची हेच कोणी दाखवलं नव्हतं आणि तो आजोबांच्या कमरेच्याही खाली येत होता. एका घरात व्हीलचेअरवर धान्याची पोती, कारण उंबरा नऊ इंचाचा आणि बाहेर सगळी दगडाची पायवाट. आणि कानाचं मशीन देव्हाऱ्याशेजारी डबीत जपून ठेवलेलं, सेल संपला तेव्हापासून. घरच्यांनी टाकून नव्हतं दिलं हो, किती जपलं होतं, पण सेल कुठे मिळतो हे माहीत नव्हतं आणि तालुक्याला जायचं तर एक रोज बुडतो.

तर वहीत चार रकाने पाडा, गरज किती जणांना आहे, मिळालं किती जणांना, आज वापरतात किती जण, आणि ते वापरून आता काय करता येतं जे आधी येत नव्हतं. समजा गरज ४० जणांना, मिळालं २५ ना आणि वापरतात ११, तर तुमचं काम ११ चं झालं, २५ चं नाही. दर वर्षी त्याच महिन्यात हीच वही परत भरा, पावसाळ्यात नको, तेव्हा चिखलामुळे कोणीच बाहेर पडत नाही आणि उगाच आकडा पडतो. निधीतून नवीन वस्तूंइतकाच पैसा दुरुस्ती, सेल आणि उंबऱ्यापुढच्या उतारासाठी ठेवा असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि गरजेचा रकाना भरताना फक्त सर्टिफिकेटवाल्यांची यादी घेऊ नका. त्याच २०१८ च्या पाहणीत दिव्यांगांपैकी २८.८ टक्के लोकांकडेच सर्टिफिकेट होतं. २०१६ च्या कायद्यात प्रकार सातावरून एकवीस झाले, पण आरक्षणासारख्या बऱ्याच फायद्यांसाठी सर्टिफिकेटवर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आणि टक्का शरीराचा मोजतात. ३५ टक्के आलेला शेतमजूर घरी बसलेला असतो आणि ६० टक्क्यांवाला शिलाईकाम करून घर चालवत असतो, कारण त्याला वेळेवर कृत्रिम पाय मिळाला आणि मशीनला मोटर बसवून मिळाली. तुमच्या वहीत दोघंही हवेत.

वडिलांना चार महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू. फिजिओ महिनाभर येत होते, मग पैशामुळे बंद केलं. 'आता जेवढं यायचं तेवढं आलं' असं सगळे म्हणतात. लेखात तुम्ही सगळ्या लोकसंख्येचं बोलता, आमच्यासारख्या एका घराने काय मोजायचं?

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं आहे, पण त्यानंतर दार बंद होतं असं मुळीच नाही, नंतरही सराव केला तर कामं जमायला लागतात. थांबलंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. दवाखान्यात आम्ही बार्थेल नावाचा तक्ता वापरतो, त्यात रोजची दहा कामं असतात, जेवणं, आंघोळ, दाढी-दात-केस, कपडे, संडासवर ताबा, लघवीवर ताबा, संडासला बसून उठणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना. एकूण १०० मार्क. घरी मार्कांच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक कामासमोर स्वतः करतात, थोडी मदत लागते, की पूर्ण करावं लागतं एवढंच लिहा आणि तारीख टाका. वहीत डाव्या हाताने जेवले तेही लिहा, ती पण प्रगतीच आहे.

आणि हे एका घराचं राहत नाही. लकवा झालेल्या प्रत्येकाची ही दहा कामं दवाखान्यातून घरी सोडताना एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा लिहिली, तरी जिल्ह्यात पुनर्वसन सुधारतंय का ते सरळ दिसेल. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी फक्त आज किती पेशंट आले एवढंच लिहितात. तुमच्या वडिलांचा फिजिओ महिन्यात बंद झाला हे कुठल्याच रजिस्टरमध्ये आलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का ते आधी विचारा, रोज नेणं जमत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा न्या, व्यायाम बघून घ्या, मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा आणि बाकीचे दिवस घरी करा. खांदा ओढून उचलू नका, लकव्याच्या बाजूचा हात धरून कधीच उठवायचं नाही, कमरेला पट्टा बांधून उठवा. आज रात्रीच दहा कामांची यादी करा, आणि महिन्याने तीच यादी परत भरली की दोन्ही मला पाठवा.