तालमीत जाऊन हार्मोन वाढतात आणि त्यानेच टक्कल पडतं का?

तुमचं वय 24, रोज जोर-बैठका, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकताहेत. वडिलांचे केस दाट, मामांना मात्र टक्कल. मित्र म्हणतात तालीम सोड. शिवाय बहिणीलाही हे होईल का, असं तुम्ही विचारलंय.

तालीम अजिबात सोडू नका. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं मेडिकल आहे, त्यामुळे ही शंका काउंटरवर नेहमीचीच. कोण बोअरच्या पाण्याला दोष देतो, कोण हेल्मेटला. आनुवंशिक टकलात दोघंही निर्दोष.

टक्कल पडणाऱ्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बहुधा चारचौघांइतकंच असतं. 5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम त्याचं डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) हे आणखी जोरदार हार्मोन बनवतं आणि कपाळावरची, टाळूवरची मुळं काही जणांत जन्मतःच या डीएचटीला हळवी असतात. डोक्यावरचा केस एरवी 2 ते 6 वर्षं वाढतो, मग गळून त्याच मुळातून नवा येतो. हळव्या मुळात हा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो, मूळही आक्रसतं. गंमत अशी, की हेच डीएचटी दाढी-छातीवर केस दाट करतं आणि मानेवरच्या केसांना फारसं काही करत नाही. म्हणून तर ट्रान्सप्लांटला केस मागून काढतात.

हार्मोन आणि घराणं दोन्ही लागतात, हे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने 1942 साली मांडलं. वयात येण्याआधी ज्यांची वृषणं काढली होती त्यांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर काहींना पडू लागलं, तेही घरात टक्कल असलेल्यांनाच. जोर-बैठकांनी हार्मोन थोडा वेळ वर जातात आणि उतरतात, तेवढ्याने काही बिघडत नाही. जिममधल्या कुणी ‘बॉडी लवकर बनते’ म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं तर मात्र साफ नाही म्हणा. घराण्यात टक्कल असेल तर ते झपाट्याने पुढे येतं, आणि केस हे त्यातलं सगळ्यात किरकोळ नुकसान.

आता मामा. डीएचटी ज्याला जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. म्हणून ‘मामावर गेलाय’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. बाकीची कितीतरी जनुकं इतर गुणसूत्रांवर आहेत, ती वडिलांकडूनही येतात. मामांना टक्कल आहे म्हणून तुम्हाला पडेलच असं नाही, आणि वडिलांचे केस बघून निर्धास्तही राहू नका.

घरी एक करून बघा. पांढऱ्या कागदावर कपाळाजवळचे गळलेले दोन-चार केस ठेवा, शेजारी मानेवरचे ठेवा. पुढचे बारीक, आखूड, फिकट दिसले तर मुळं आक्रसताहेत. सगळेच सारखे जाड आणि गळती डेंगी-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम सुरू झालेली असेल तर प्रकरण वेगळं, ते केस बहुधा परत येतात.

औषधं मोजकीच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. आता ते डोक्याला लावतात. फिनास्टेराइड ते एन्झाइमच रोखतं. 1997 साली अमेरिकेत केसांसाठी त्याला 1 मिलिग्रॅमची मंजुरी मिळाली. काही जणांना कामेच्छा कमी झाल्याचा त्रास होतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही. दोन्ही बंद केली की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. तेलानं मालीश खुशाल करा, बरं वाटतं, पण डीएचटीवर त्याचा इलाज नाही.

बहिणीला होऊ शकतं, पण बायकांत कपाळ बहुधा मागे सरकत नाही, भांग रुंदावतो. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस येत असतील तर पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा विकार) तपासावं लागतं. सोबत थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) याही तपासण्या करून घ्या. आणि तुमची फिनास्टेराइडची गोळी तिला देऊ नका. दिवस गेलेल्या बाईने तर तिचा तुटलेला तुकडा हातातही घ्यायचा नसतो, पोटातला मुलगा असेल तर त्याच्या लिंगाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.