मेंदू शिकायचाय, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मी ऐरोलीला आयटीत आहे, बायोलॉजी दहावीनंतर सुटली ती सुटलीच. मागच्या वर्षी बाबांना पार्किन्सन्स निघाला, तेव्हापासून मेंदूबद्दल मिळेल ते वाचतेय, व्हिडिओ बघतेय, पण थोडं पुढे गेलं की सगळं डोक्यावरून जातं. नोकरी सोडायची नाहीये, डिग्रीही नकोय, फक्त नीट समजून घ्यायचंय. कुठून सुरू करू? (एक वाचक, घणसोली)

उत्तर: डोक्यावरून जातं कारण बहुतेक जण वरून सुरुवात करतात, म्हणजे स्मृती, भावना, स्वप्नं, जाणीव वगैरे, आणि तिथे तर अजून शास्त्रज्ञांचंच एकमत नाहीये. तुम्ही एका पेशीपासून सुरू करा. मेंदूत साधारण ८६०० कोटी न्यूरॉन (म्हणजे मज्जापेशी) आहेत, त्यातला एकच घ्या आणि तो सिग्नल कसा पाठवतो एवढंच महिनाभर धरून बसा, बाकी सगळं बाजूला ठेवा.

शांत असताना न्यूरॉनच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी विद्युतदाब (व्होल्टेज) असतो. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि पेशीच्या पातळ आवरणातला एक पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो नि २ पोटॅशियम आत घेतो. मग पुरेसा धक्का बसला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम धडाधड आत येतं आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात सगळं उलटं होतं, हेच ॲक्शन पोटेन्शियल. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर मोजलं, तो इतका जाड असतो की आत तार घालता येते. १९५२ मध्ये त्यांनी त्याची समीकरणं छापली आणि १९६३ मध्ये नोबेल मिळालं. तुम्ही आयटीतल्या, तुमच्यासाठी तर ही सोन्यासारखी संधी आहे, ती समीकरणं पायथॉनमध्ये छोट्याशा प्रोग्राममध्ये बसतात. स्वतः लिहा, ग्राफवर ॲक्शन पोटेन्शियलचं टोक उमटताना बघा, मग सोडियमची दारं किती उघडतात तो आकडा शून्य करा, टोक गायब. दाताचे डॉक्टर हिरडीत भूल देतात ना, ते औषध नेमकं हेच करतं, सोडियमची दारं बंद.

हे पक्कं झालं की मग सायनॅप्सवर या, म्हणजे एक पेशी दुसरीला निरोप कसा देते, आणि तिथे तुम्हाला बाबांचा आजार भेटेल. मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग आहे, तिथल्या डोपामीन (पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) बनवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. मग सरळ डोपामीनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, लेव्होडोपा नावाचं औषध शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामीन होतं. बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव बहुतेक असेलच. फक्त वाचून स्वतःच्या मनाने डोस बदलू नका, ते डॉक्टरांनाच विचारा.

पुस्तक म्हणाल तर ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं पुस्तक नेटवर फुकट आहे, बारावं प्रकरण मज्जासंस्थेचं, आधी तेवढंच.

आणि हाताने काहीतरी कराच. मटणवाल्याकडून बकऱ्याचा भेजा आणा, मुंडी फोडताना बऱ्याचदा तो मधोमध दोन भाग होऊनच येतो, आपल्याला तेच हवंय. ताजा असताना फार मऊ असतो, हातात धरवत नाही, म्हणून काचेच्या बरणीत सर्जिकल स्पिरिटमध्ये आठवडाभर ठेवा (गॅसपासून लांब, आणि बरणीवर मोठ्ठं लिहा म्हणजे घरात कुणी खायला काढणार नाही). घट्ट झाला की ग्लोव्हज घालून बघा. कापलेल्या बाजूला दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पांढरा पट्टा दिसतो, छोट्या मेंदूच्या कापावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी असते, आणि मोठा मेंदू जरा उचलून बघितलात की मध्यमेंदूच्या पाठीवर एकूण चार टेंगळं असतात, वरची दोन नजरेच्या कामाची, खालची दोन ऐकण्याच्या. चित्रात कितीही वेळा बघितलं तरी हे असं कळत नाही.

प्रश्न: मी ठाण्यात बारावी सायन्सला आहे. न्यूरोसायन्स (मेंदूविज्ञान) करायचं तर नीटची (NEET) परीक्षा द्यावीच लागते का? घरचे म्हणतात डॉक्टर न होता मेंदूचं काही करता येत नाही.

उत्तर: अजिबात नाही रे. पेशंट तपासायचे असतील तर एमबीबीएस लागेल, संशोधन करायचं तर बीएस्सी, आयसर (विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था), अगदी फिजिक्स नाहीतर इंजिनीअरिंग करूनही येता येतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, बेंगळुरूच्या आयआयएससी आणि निमहान्समध्ये, हरियाणात मानेसरच्या एनबीआरसीमध्ये मेंदूवर काम चालतं. घरच्यांना या संस्थांच्या वेबसाइटवर तिथल्या प्राध्यापकांच्या पदव्या दाखव, एकत्र बसून वाचा. आणि गणित सोडू नकोस, कुणी काहीही सांगो.

प्रश्न: आमच्या सोसायटीत मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे क्लास सुरू झालेत, मुलं डोळ्याला पट्टी बांधून वाचतात म्हणे. आठ वर्षांच्या मुलीला घालू का? (एक आई, खारघर)

उत्तर: नका घालू. मध्यमेंदू म्हणजे तीच वर सांगितलेली चार टेंगळं, सब्स्टॅन्शिया नायग्रा वगैरे, तो जन्मापासून चालूच असतो, ॲक्टिव्हेट करायला शिल्लक काही नाही, आणि डोळ्यात प्रकाश गेल्याशिवाय अक्षर दिसत नाही. नाकाशेजारी पट्टीला फट राहते, तिथून खाली बघून मुलं वाचतात. खात्री करायची असेल तर क्लासवाल्यांना म्हणा, पुस्तक कपाळाच्या वर धरून वाचून दाखवा. पण ही परीक्षा मुलांची घेऊ नका, चारचौघांत तर नकोच. आईबाबांना बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलत असतात आणि पकडली गेली की फार घाबरतात.