चार महिने नुसते नट आवळतोय

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "चार महिने झाले, मुलगा नुसते नट आवळतोय." इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तो बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात ॲप्रेंटिस लागला. रोज संध्याकाळी तेलकट हातांनी दांडिया बाजारातल्या घरी येतो, आणि बरोबरचे मित्र डीटूडीनं, म्हणजे डिप्लोमावरून थेट प्रवेश घेऊन, डिग्रीला गेलेत. त्याला सोडायचंय, त्याचे बाबा म्हणतात वर्ष काढ.

मी बाबांच्या बाजूचा, पण एका अटीवर. ती पुढे सांगतो. आधी नटांचं बघू.

ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, कोअरवर, म्हणजे लोखंडी गाभ्यावर चढवली, की सगळा सांगाडा ओव्हनमध्ये सुकवतात. आतला कागद आणि प्रेसबोर्ड (जाड दाबलेला पुठ्ठा) ओलावा धरून असतो, तो गेला की ते आक्रसतात. म्हणून ओव्हनमधून बाहेर काढल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळावे लागतात. हे नीट झालं नाही तर वर्षा-दोन वर्षांनी कुठेतरी लाइनवर शॉर्टसर्किट होतं, त्या धक्क्यानं ढिली वाइंडिंग सरकते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. तुमचा मुलगा बहुधा हेच नट आवळतोय. प्रश्न एवढाच की, का आवळतोय हे त्याला कुणी सांगितलंय का? आणि त्यानं विचारलंय का?

असे प्रश्न तिथे पावलोपावली आहेत. कमी व्होल्टेजची वाइंडिंग कोअरच्या जवळ आणि जास्त व्होल्टेजची बाहेर का? व्होल्टेज थोडं कमी-जास्त करणारा टॅप चेंजर बहुतेक वेळा जास्त व्होल्टेजच्या बाजूलाच का? पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. तिथे मात्र जुन्या वाइंडरला चहा पाजला की तो तास-तासभर समजावतो, आणि डिग्रीच्या पोरांना न मिळणारं शिक्षण हेच.

आता अट. चार महिन्यांत त्याचा एकदाही विभाग बदलला नसेल, तर त्याला शिकवत नाहीयेत, वापरून घेताहेत. त्यानं लेखी विचारावं: माझा ट्रेनिंगचा कार्यक्रम काय, आणि टेस्टिंगला मला कधी पाठवणार? किमान दोन महिने टेस्टिंगला मिळायलाच हवेत. रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स, लॉस, तेलाची बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते), या चाचण्या स्वतःच्या हातानं केलेल्या असतील तर पुढच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावताना तापमान का लिहून ठेवतात हेही तिथेच कळतं, कारण गरम इन्सुलेशनचं रीडिंग आपोआप कमी येतं. मी शिकाऊ असताना मेगर काढल्यावर वाइंडिंग डिस्चार्ज न करताच, म्हणजे त्यात साठलेली वीज न उतरवताच, टर्मिनलला हात लावला होता. त्या झटक्यानंतर तो धडा मला दुसऱ्यांदा शिकवावा लागला नाही.

दुसरं, कागद तपासा. ॲप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. नुसतं कंपनीचं 'ट्रेनी' पत्र असेल तर वर्षअखेर सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि मग माझं मतही बदलेल. करार नोंदलेला असेल तर तो 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली येतो. त्यात मुलगा कामगार नसून शिकाऊ असतो. म्हणून पीएफ नाही, आणि परवानगीशिवाय ओव्हरटाइमही करून घेता येत नाही. डिप्लोमावाल्याला 2019 च्या नियमांत महिना किमान 8000 रुपये स्टायपेंड ठरवला होता. वर्ष संपल्यावर त्याच कंपनीत नोकरी मिळेलच असं मात्र कायदा म्हणत नाही, ती आशा धरून बसू नका.

डिग्रीचं म्हणाल, तर डीटूडीचा रस्ता पुढच्या वर्षीही उघडा असेल. एक वर्ष कारखान्यात काढून गेलेला मुलगा मशिन्सच्या तासाला झोपत नाही, एवढं मी पाहिलंय.

आणि हात काळे होण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यावर जरा भांडतो. आपण बडोद्याचे. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते पोरांनी हातानं काम शिकावं म्हणूनच, आणि आजचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच कलाभवनातून वाढलं. शेजारणीनं विचारलं तर हे सांगा.

शेवटी एक. त्याच्या बोटात तुम्ही पोवळ्याची अंगठी घातलीय असं लिहिलंय. कामावर जाताना ती देवघरात ठेवून जायला सांगा. चालू वायरजवळ धातूची अंगठी फार वाईट, शिवाय ती मशीनमध्येही अडकते. रविवारी घालू दे.