ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार झटके खाते, चेक इंजिन लाईट लुकलुकते. चारही इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) बदलायला हव्यात का?

मुळीच नाही. ऑटोमॅटिक म्हटली की उगाच गिअरबॉक्सवर खापर फुटतं. आधी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०२ कोड आला तर मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. इंजिन गार झाल्यावर त्याची कॉइल तिसऱ्यावर बसवा, कोड पुसा, फेरी मारा. पी०३०३ आला तर कॉइलच गेली; तेवढी एकच बदला. पुन्हा पी०३०२च आला तर दुसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून पाहा: पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर प्लग बाद. प्लगच्या खळग्यात तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही बदला. पार्ट नंबर घेऊन पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, नाना पेठ गाठा, पण बिननावाची कॉइल नको. लाईट लुकलुकत असताना कात्रजचा घाट तर चढूच नका. न जळलेल्या पेट्रोलने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, आणि तो कॉइलच्या कितीतरी पट महाग.