इंग्रजीत उत्तर देऊ नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. ‘वर्गात सगळं समजतं, दाराबाहेर पडले की मी मुकी होते,’ असं लिहिलंयस आणि खालीच परदेशी विद्यार्थ्यांच्या फ्लॅटवर राहायला जायचा बेत. जाऊ नकोस. तिथे इंग्रजीतच बोलत राहशील.

वर्गात तुला फुस्हा शिकवतात. ती बातम्यांची, पुस्तकांची, भाषणांची अरबी. जॉर्डनच्या राजधानीत, तुझ्या अम्मानमध्ये, घरात ती कुणी बोलत नाही. तू ‘माज़ा तुरीदीन’ घोकतेस आणि दुकानदार विचारतो, ‘शू बिद्दिक?’ दोन्हीचा अर्थ ‘काय हवंय’. ‘क़हवा’ शिकावी तर कुणी ‘अहवे’ म्हणतं, कुणी ‘गहवे’. घाबरायला होतंच. पण यावर उपाय एकच आहे: समोरचा इंग्रजीत बोलला तरी तू इंग्रजीत उत्तर द्यायचं नाही.

मीही त्याच शहरात एक वर्ष एक्स्चेंजवर होते. आमच्या इमारतीखाली बेकरी होती. तिथे रोटी किलोवर मिळते, तुला माहीतच आहे. पहिल्याच आठवड्यात मी शेवटच्या इकार-उकारासकट म्हटलं, ‘उरीदु निस्फ़ कीलू मिनल ख़ुब्ज़ि.’ काउंटरवरचा मुलगा हसला, वाईट मनाने नव्हे, आणि म्हणाला, ‘हाफ किलो?’ मी म्हटलं, ‘यस.’ त्या एका ‘यस’ने माझं वर्ष खाल्लं. पुढे रोज ‘हाफ किलो’च. संध्याकाळी भारतीय मैत्रिणी, डाळभात, हिंदी. गुण मात्र उत्तम मिळाले!

आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, इजिप्तचा होता. रोज सकाळी जिना धुवायचा, मी मान हलवून पुढे जायची. शेवटच्या आठवड्यात शेजारच्या बाई त्याला म्हणाल्या, ‘यअतीक अल-आफ़िये.’ देव तुला बळ देवो. काम करणाऱ्या कुणालाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी मीही म्हटलं. त्याने पाण्याची बादली खाली ठेवली, ‘अल्ला यआफ़ीकी’ म्हणाला आणि गावाकडच्या मुलाबद्दल सांगू लागला. इजिप्तची बोली, अर्धंच कळलं. तासभर ओल्या पायरीवर बसले होते. चार दिवसांनी माझं विमान होतं.

म्हणून सांगते, इंग्रजीत उत्तर देऊ नकोस. चुकलीस तर चुकू दे. लिंग चुकेल, ‘ऐन’ हे अक्षर घशातून निघणार नाही, तरी बोल.

फुस्हा सोडून दे असं मात्र मी म्हणत नाहीये. ‘ती मेलेली भाषा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वीस वर्षं करारनामे आणि दाखले अनुवादित करून मी घर चालवलं, ते फुस्हाच्या जिवावर. दुभाषी न होता अनुवादक झाले तो माझा निर्णय होता आणि तो चुकला असं मला वाटत नाही. तरीही फोनवर कुणी भराभर अरबी बोलू लागलं की आजही मी ‘ई-मेल पाठवा’ म्हणते. हे मी घरातही कधी कबूल केलेलं नाही.

आणि परकी भाषा, परकी भाषा काय करतेस? तुझ्या डोक्यावरच्या टेकडीच्या नावातला, ‘जबल अल-क़लआ’मधला क़लआ म्हणजे आपला किल्ला. हॉटेलात बिल मागताना ‘अल-हिसाब’ म्हणतात, तो आपला हिशोब. तारीख, वकील, मालक, सगळे तिकडूनच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. मराठी मुलीने तिथे इतकं बुजून राहावं, हे मला पटत नाही.

उद्या सकाळी बेकरीत जा. ‘नुस्स कीलो ख़ुब्ज़, लौ समह्त.’ तो इंग्रजीत बोलेल. तू पुन्हा अरबीतच सांग. तो काय म्हणाला ते शब्दशः मला कळव, आणि त्या फ्लॅटचं डिपॉझिट दिलं असशील तर परत माग. तेही अरबीतच.

तुझी,
मावशी