पंचेचाळिशीत तबला शिकायला घेतलाय, हात सारखा चुकतो. या वयात मेंदू खरंच शिकतो का?

हो, शिकतो, आणि कुठे सुधारायचं हे त्याला तुमच्या हाताच्या चुकांमधूनच कळतं. मनातला बोल आणि प्रत्यक्ष वाजलेला बोल यांत फरक पडला की लहान मेंदूला, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या, हालचाली नेमक्या करणाऱ्या भागाला, चूक झाल्याचा संकेत मिळतो आणि पुढची हालचाल थोडी बदलते. नुसतं ऐकत बसून हे घडत नाही, हात चालवावाच लागतो. मोठ्या वयात चुका मात्र लहान हव्यात. स्टॅनफर्डमधल्या २००२ च्या प्रयोगात प्रौढ घुबडांना नजर एकदम बरीच सरकवणारे प्रिझमचे चष्मे लावले, तेव्हा त्यांना फारसं जुळवून घेता आलं नाही. तोच फरक टप्प्याटप्प्याने वाढवला तेव्हा बरंच जमलं. मला हा प्रयोग फार दिलासा देणारा वाटतो. माणसांतही, २००४ च्या जर्मन अभ्यासात तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायचा सराव केलेल्या प्रौढांच्या मेंदूत करडा भाग, म्हणजे मेंदूपेशी दाटलेला भाग, वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर तो पुन्हा घटला. म्हणून तिरकिटसारखा बोल लगेच द्रुत लयीत नको. नेमका कोणता बोल घसरला हे कानाला कळेल, इतकीच लय ठेवा. फक्त चूक ओळखता आली पाहिजे, नाहीतर चुकीचाच हात पक्का बसतो. त्यासाठी अधूनमधून गुरुजींसमोर वाजवाच.